सवाई, दिढी आणि मेरू : शिरूर-दौंडच्या कर्जखतांतील गणित

१८७५ हे साल पुणे जिल्ह्याच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने वसंतव्याख्यानमालेचा उपक्रम सुरू झाला तो याच सुमारास. आणि त्याच वर्षीच्या वैशाखात, १२ मे रोजी, भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी कुणब्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. एकीकडे शहरातील सुशिक्षित मंडळी ज्ञानाचा प्रसार व्याख्यानांनी कसा करावा याचा विचार करीत होती, आणि दुसरीकडे पन्नास-साठ मैलांच्या परिसरात अक्षरशत्रू शेतकरी कागदाच्या होळ्या करीत होते. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही असे वरवर पाहता वाटेल. परंतु आमच्या मते तो आहे, आणि तो गणिताचा आहे. तोच या लेखात थोडक्यात मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम हकीकत सांगू. दंग्याचे नाव सुप्याशी जोडले गेले असले तरी त्याचा उगम शिरूर तालुक्यातला. १८७४ च्या डिसेंबरात करडे या गावी एका सावकाराने गावच्या देशमुखांवर दिवाणी हुकूमनामा मिळविला व त्यांची मिळकत ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. गावाने एक होऊन सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या शेतावर कोणी राबेना, घरी कोणी पाणी भरीना, न्हावी हजामत करीना. हा बहिष्कार आसपासच्या गावांत पसरला, आणि पाच महिन्यांनी सुप्यास त्याचे रूप पालटले. दंगा पुणे व अहमदनगर या दोन जिल्ह्यांतील सहा तालुक्यांत तेहेतीस ठिकाणी झाला. ९५१ लोक पकडले गेले व ५०१ जणांना शिक्षा झाल्या. आजच्या दौंड तालुक्याचा बराचसा मुलूख त्या वेळी भीमथडीत मोडत असे. घोडनदी आणि भीमा यांच्या काठचा हा सारा कोरडवाहू टापू या चळवळीच्या ऐन मध्यावर होता.

या दंग्यातील एक गोष्ट सर्व इतिहासकारांनी नोंदविली आहे. जमावाचा रोख माणसांवर फारसा नव्हता, कागदावर होता. सावकाराने कर्जखते व वह्या निमूटपणे हवाली केल्या तर बहुधा त्याच्या अंगाला हात लागत नसे. नाही म्हटले तर मात्र घराला आग लागे. रयतेला आपला शत्रू कागदात दडला आहे हे पक्के कळले होते. पण त्या कागदात तो नेमका कसा दडला आहे, हे तिला सांगता येत नव्हते. आमच्या विषयाचे मूळ येथेच आहे.

दंग्याची कारणे अनेक होती. १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पाहणीप्रमाणे जमिनीची नवी आकारणी सुरू झाली. तीस वर्षांची मुदत संपताच १८६७ साली इंदापुरात, व पुढे भीमथडीतही, फेरआकारणीने सारा चढला. मध्यंतरी, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला न भूतो असा भाव आला. पैसा खेळू लागला, सावकारही हात सैल सोडून कर्जे देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि कर्जे तेवढी मागे राहिली. या सर्वांत आणखी एक कारण होते व ते दिसण्यात अगदी निरुपद्रवी होते. ते म्हणजे १८५९ चा मुदतीचा कायदा. या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरविली. हेतू चांगला होता. व्याज वर्षानुवर्षे साठू नये, तीन वर्षांत सोक्षमोक्ष व्हावा, असा तो हेतू. परिणाम मात्र उलटा झाला. मुदत संपत आली की सावकार कुळाला बोलावी व खत 'नवे-जुने' करून घेई. जुन्या खताचे मुद्दल अधिक व्याज ते नव्या खताचे मुद्दल. अंगठा उठला की हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आता या 'नवे-जुने' करण्याचा अर्थ गणिताच्या भाषेत काय होतो? मागल्या वेळचे जे उत्तर आले, तेच पुढल्या वेळचे गणित म्हणून मांडावयाचे, आणि कृती तीच करावयाची. पुन्हा उत्तर, पुन्हा तीच कृती. यालाच आपण पुनरावर्तन म्हणू. कृती एकच असते व लहान असते. पण ती आपल्याच फळावर पुन्हा पुन्हा चालते आणि म्हणून थोड्या पायऱ्यांत ओळखू येणार नाही इतकी वाढते.

ही कल्पना आपल्याकडे परकी होती असे मात्र कोणी समजू नये. आर्यभटाच्या ४९९ सालच्या ग्रंथात, गणितपादात, व्याजावर व्याज लावलेल्या धनाचा प्रश्न आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) श्रेढीव्यवहाराच्या प्रकरणी एका दात्याची गोष्ट येते. पहिल्या दिवशी दोन कवड्या, मग दररोज दुप्पट, असे महिनाभर दान दिले तर किती? उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे एक लाख चार हजार आठशे सत्तावन्न निष्क आणि वर काही. नारायण पंडिताने १३५६ साली गाईचे गणित घातले. गाय दरवर्षी एक कालवड देते, ती कालवड चौथ्या वर्षापासून वेते; तर वीस वर्षांत कळप केवढा? उत्तर २७४५. खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख आजही आहे. कोकणात नांदगावी गणेश दैवज्ञाने १५४५ साली लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली आणि तीत भास्कराच्या नियमांच्या उपपत्ती दिल्या. वर्तुळाचे क्षेत्रफळ पटवून देण्यासाठी वर्तुळ कापून त्याचे निमुळते तुकडे एकमेकांत बसवावे असे तो सांगतो. म्हणजे नियम नुसता पाठ करू नये, क्षेत्र काढून डोळ्यांनी पाहावा, ही परंपरासुद्धा आपल्या भूमीत चारशे-पाचशे वर्षांची जुनी आहे.

दुर्दैव असे की ही परंपरा ज्योतिष्यांच्या घरात राहिली. ती करड्याच्या वा सुप्याच्या कुणब्यापर्यंत आली नाही. गावात होती ती पंतोजीची शाळा. तेथे धूळपाटीवर अक्षरे गिरवीत आणि पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकीत. या अपूर्णांकांच्या पाढ्यांना हसण्याचे काही कारण नाही. सव्वा आण्याच्या भावाने सात शेर जिन्नस घेतला तर पैसे किती हे त्या पाढ्यांच्या बळावर मुलगा बोट न मोजता सांगे. पण पाढ्याचा स्वभावच असा की तो एका पायरीचा हिशेब सांगतो. चार सवा पाच, हे सवायकी शिकविते. त्या पाचावर पुन्हा सवाई बसली तर काय, आणि त्यावर पुन्हा बसली तर काय, हे ती शिकवीत नाही. गावातला व्यवहार तर नेमका यावरच चाललेला होता. बियाण्याचे धान्य सावकाराकडून काढले तर सुगीला सवाईने अथवा दिढीने परत करावयाचे. 'वाढीदिढी' हा शब्दच त्यातून रूढ झाला. तेव्हा शाळेत सवायकी-दिडकी आणि खळ्यावर सवाई-दिढी, शब्द एकच होते. शाळेतला शब्द एकदा गुणून थांबे, खळ्यावरचा थांबत नसे.

येथून पुढे आम्ही वाचकांस चौसष्ट ठोकळे घेऊन बसण्याची विनंती करणार आहोत. चौसष्टच का? कारण १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली त्यापूर्वी चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे चौसष्ट पैशांचा रुपया होता. आणि चौसष्ट ही संख्या मोठी सोयीची आहे. ती चाराचा घन आहे. लांबी चार, रुंदी चार, उंची चार, असा चौसष्ट लहान ठोकळ्यांचा एक मोठा ठोकळा रचा. हा आपला एक रुपया.

आता वर्षाला सवाई धरू. पहिल्या वर्षाचे व्याज रुपयाचा चौथा हिस्सा, म्हणजे सोळा पैसे. सोळा ठोकळ्यांचा एक थर मोठ्या ठोकळ्याच्या माथ्यावर चढवा. उंची चाराची पाच झाली; ठोकळे झाले ऐंशी. दुसऱ्या वर्षी ऐंशीचा चौथा हिस्सा वीस. हा थर बाजूस लावावयाचा. पण बाजू आता चार रुंद आणि पाच उंच आहे, तेव्हा तेथे बरोबर वीसच मावतात. झाले शंभर. तिसऱ्या वर्षी समोरची बाजू पाच रुंद व पाच उंच झालेली आहे. तेथे पंचवीसचा थर बसतो, आणि शंभराचा चौथा हिस्सा पंचवीसच. झाले एकशे पंचवीस, म्हणजे पाचाचा घन. चौसष्ट, ऐंशी, शंभर, एकशे पंचवीस. व्याजाचे थर सोळा, वीस, पंचवीस असे दरसाल का मोठे होतात, हे येथे समजावून सांगावे लागत नाही. भिंत मोठी झाली म्हणून गिलावा जास्त लागला, इतकी ती गोष्ट उघड आहे. तीन वर्षांत एका रुपयाचे एक रुपया पंधरा आणे एक पैसा झाले. दुपटीला अवघे तीन पैसे कमी.

सरळ व्याजाने काय झाले असते? दरसाल सोळाच पैसे, तीन वर्षांचे अठ्ठेचाळीस. एकूण एकशे बारा. तेरा पैशांचा फरक कोठून आला? आता रचलेला ठोकळा हळूच उलगडून पाहावा. मधला मूळचा चौसष्टांचा ठोकळा. त्याच्या तीन बाजूंस सोळा-सोळांचे तीन थर; हे तीन वर्षांचे सरळ व्याज. हे थर बसविल्यावर त्यांच्या सांध्यांत तीन ठिकाणी पोकळ खाचा राहतात, त्यांत चार-चार ठोकळ्यांच्या तीन कांड्या बसतात. हे व्याजावरचे व्याज. आणि तिन्ही कांड्या मिळतात तेथे कोपऱ्यात एका ठोकळ्याची जागा उरते. हे व्याजाच्या व्याजावरचे व्याज. तीन चोक बारा आणि एक तेरा. जे तेरा पैसे कुणब्याला वहीत कधी दिसले नाहीत, ते येथे हाताने उचलून बाजूस ठेवता येतात.

एक ठोकळा, तीन थर, तीन कांड्या, एक कोपरा. एक, तीन, तीन, एक. हे आकडे ज्यांना छंदःशास्त्राचा परिचय आहे ते लगेच ओळखतील. पिंगलाच्या सूत्रांवर दहाव्या शतकात हलायुधाने जी टीका लिहिली तीत मेरुप्रस्तार सांगितला आहे. वर एक घर, खाली दोन, त्याखाली तीन. कडेच्या घरांत एक-एक आणि मधल्या प्रत्येक घरात वरच्या दोन घरांची बेरीज. एक, एक एक, एक दोन एक, एक तीन तीन एक. लघुगुरूंची गणती करण्यासाठी काढलेला हा डोंगर. युरोपात तो सतराव्या शतकातील पास्कल या फ्रेंच पंडिताच्या नावाने ओळखतात. छंदाचे गणित आणि सावकाराच्या खताचे गणित एकाच डोंगराच्या पायऱ्यांवर उभे आहे, हे पाहून आम्हांला प्रथम आश्चर्य वाटले. नंतर वाटले की यात आश्चर्य नाही. दोन्हीकडे कृती तीच आहे. मागल्या ओळीवरून पुढली ओळ काढावयाची.

भीमेकाठच्या एका खेड्यातल्या शाळेत आम्ही हा पाठ मुलांपुढे करून पाहिला, त्या वेळची गोष्ट सांगतो. एकशे पंचवीसचा ठोकळा पुरा झाल्यावर मुले खूश झाली. एवढ्यात मागे बसलेली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "गुरुजी, चौथ्या वर्षाचा थर कुठं लावायचा? तिन्ही बाजू तर झाल्या." वर्ग हसला. आम्ही हसलो नाही, कारण प्रश्न फार खोल होता. चौथ्या वर्षासाठी चौथी दिशा हवी, आणि ती आपल्या जगात नाही. येथे भूमिती आपला हात सोडते. पण मेरू सोडत नाही. त्याची पुढली ओळ एक, चार, सहा, चार, एक. रुपयाचे दोनशे छप्पन्न भाग मानले तर दोनशे छप्पन्न, मग चौसष्टाचे चार, सोळाचे सहा, चाराचे चार आणि एक. बेरीज सहाशे पंचवीस. तोच पाचाचा चौथा घात. चार वर्षांत रुपयाचे दोन रुपये सात आणे आणि पाव पैसा. आम्ही त्या मुलीला फळ्यापाशी बोलावून पाचवी ओळ काढावयास सांगितली. तिने ती न चुकता काढली. डोळ्यांनी पाहिलेल्या तीन पायऱ्यांच्या आधारावर न दिसणारी चौथी पायरी चढणे, हेच गणित. पहिल्या तीन पायऱ्या मात्र दिसाव्या लागतात; त्या न दाखविता एकदम सूत्र हातात दिले तर ते मुलाच्या हातात राहत नाही.

आता १८५९ च्या कायद्याकडे पुन्हा वळू. आपल्याकडे पूर्वापार दामदुपटीचा दंडक होता. व्याज कितीही साचले तरी एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येऊ नये, असा हा धर्मशास्त्राचा नियम. मुंबई इलाख्यातील न्यायालयेही तो मानीत. गणिताच्या भाषेत बोलावयाचे तर हा पुनरावर्तनाला घातलेला बांध होता. मग तो फुटला कसा? सरळ व्याजच धरा, दरसाल रुपयास चार आणे. तीन वर्षांत चौसष्टावर अठ्ठेचाळीस व्याज, एकशे बारा. अठ्ठेचाळीस हे चौसष्टाहून कमी, म्हणून दामदुपटीचा प्रश्नच उद्भवत नाही. खत नवे-जुने झाले. एकशे बारा हे मुद्दल ठरले. आणखी तीन वर्षांनी एकशे शहाण्णव. पुन्हा नवे-जुने, नवव्या वर्षी तीनशे त्रेचाळीस. ठोकळ्यांच्या भाषेत, पहिल्या खताच्या वेळी चार उंचीच्या ठोकळ्यावर एकदम तीन थर चढून उंची सात झाली, दुसऱ्या खताने रुंदी सात झाली, तिसऱ्याने लांबी सात झाली. चाराचा घन होता, तो साताचा घन झाला.

नऊ वर्षांचा हा हिशेब शेजारी-शेजारी मांडून पाहावा. दामदुपटीप्रमाणे सावकाराला एका रुपयाचे जास्तीत जास्त दोन रुपये मिळावयास हवे होते. बांध नसता आणि नऊ वर्षे सरळ व्याज चालले असते तर तीन रुपये चार आणे. तीन वर्षांनी खत बदलत गेले तेव्हा झाले पाच रुपये पाच आणे तीन पैसे. कोणत्याही एका खतात चक्रवाढ लिहिलेली नाही. कोणत्याही एका खताने दामदुपट मोडलेली नाही. प्रत्येक कागद स्वतंत्रपणे निर्दोष आहे. दोष आहे तो एका कागदातून दुसरा निघण्यात. न्यायाधीशापुढे येई तो फक्त शेवटचा कागद. कुणबी म्हणे, 'मी इतके घेतलेच नाही'. कागद म्हणे, 'घेतले आहे, हा अंगठा पाहा.' दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत होते.

सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने नेमके यावरच बोट ठेवले. न्यायाधीशाने शेवटच्या खतावर न थांबता खताच्या मागे जावे, व्यवहाराचा इतिहास आरंभापासून पाहावा, मुद्दल व व्याज यांची खाती वेगळी मांडावी आणि मुद्दलात मिसळलेले व्याज मुद्दल म्हणून धरू नये, असे त्याने सांगितले. म्हणजे ठोकळा उलगडून थर, कांड्या आणि कोपरा निरनिराळे करून पाहण्याचे काम कायद्याने न्यायाधीशावर टाकले. हा कायदा सर्वांशी यशस्वी झाला असे नाही; सावकारांनी कर्जखतांऐवजी विक्रीखते लिहून घेण्याची वाट काढली. पण त्यातील गणिताची दृष्टी अचूक होती, यात शंका नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कुणब्यांना चक्रवाढ समजली असती तर दंगा टळला असता, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पाऊस पडत नाही, सारा रोख भरावयाचा आहे, बैल मेला आहे, आणि पैसे देणारा गावात एकच आहे. अशा माणसाला व्याजाचा दर कळला काय आणि न कळला काय, अंगठा त्याला उठवावाच लागतो. अडाणीपणा हे त्याच्या दारिद्र्याचे कारण नव्हते. पण दारिद्र्याविरुद्ध त्याची तक्रार शब्दांत, आकड्यांत मांडण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते, आणि साधन नसले की माणूस आगपेटीकडे वळतो. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळांत मोडी व बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब व शेतीचे ज्ञान शिकवावे अशी मागणी केली. सुप्याचा धूर तेव्हा सात वर्षांमागचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मागणीतील 'हिशेब' या साध्या शब्दाचे वजन कळते.

आणि मोजणीचे ज्ञान या भागात नव्हते असेही नाही. ते दुसऱ्याच्या हाती होते. सरकारी मोजणीची साखळी तेहेतीस फुटांची, तिचे सोळा आणे. साखळी लांब व साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, अर्थात सोळा सोळे दोनशे छप्पन्न चौरस आणे. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. प्रत्येक शेताच्या बांधावरून ही साखळी ओढली गेली. कुणब्याची भूमिती सरकारच्या दप्तरात आणि त्याचे अंकगणित सावकाराच्या वहीत. दोन्ही त्याच्याविषयी होती, त्याच्यापाशी एकही नव्हते.

पुढल्या काळात हे चित्र पालटले. आमच्या विषयाला लागून असलेले एकच उदाहरण देतो. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी विज्ञान आश्रम काढला. उद्योगातील संशोधनाचे मोठे पद सोडून त्यांनी हे अवर्षणाचे गाव मुद्दाम निवडले. हाताने काम करता करता शिकणे हा त्यांच्या शिक्षणाचा गाभा होता. त्यांचे निधन २००३ साली झाले. त्रिकोणी सांगाड्यांची घुमटाकार घरे बांधण्याचे तंत्र या आश्रमात विकसित झाले व ते पाबळ घुमट या नावाने प्रसिद्ध आहे. अशा घुमटांच्या मुळाशी वीस सारख्या त्रिकोणांचा घन असतो. प्रत्येक त्रिकोणाच्या बाजूंचे मध्य जोडले की एकाचे चार होतात. वीसाचे ऐंशी, ऐंशीचे तीनशे वीस. कृती तीच, फळावर पुन्हा. ज्या मातीत हे पुनरावर्तन एकदा माणसाला घराबाहेर काढीत होते, त्याच मातीत त्याच्या आधाराने घरे उभी राहिली, ही गोष्ट आम्हांला समाधान देणारी वाटते.

देवळालीचे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे साधे शाळाशिक्षक. चार आकडे घ्यावे, सर्व सारखे नसावेत. त्यांची मोठ्यांत मोठी व लहानांत लहान संख्या मांडून वजाबाकी करावी, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तेच येत राहते. हा शोध एका महाराष्ट्रीय शिक्षकाचा आहे व जगभर त्याच्या नावाने ओळखला जातो. त्याला लागली ती पाटी-पेन्सिल आणि तीच कृती पुन्हा करून पाहण्याची चिकाटी.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींना आमची सूचना एवढीच. साधने महाग नाहीत. चिंचोके घ्यावे आणि एक, दोन, तीन, चार अशा ओळींनी त्रिकोण रचावा. एक, तीन, सहा, दहा या संख्या आपोआप येतील, आणि त्याच मेरूच्या तिरप्या रांगेत जशाच्या तशा सापडतील. दाराशी पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलीला ठिपके एकूण किती, असे विचारावे. मधली रांग पंधराची, दोन्हींकडे चौदा, तेरा अशा उतरत आठापर्यंत. बेरीज एकशे एकोणसत्तर. मग तेच कडी-कडीने मोजावयास सांगावे. मध्यावर एक, भोवती सहा, त्याभोवती बारा, मग अठरा. सात कड्यांची बेरीज तीच येते. एकाच चित्राचे दोन हिशेब जुळले की मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते पाठांतराने कधी दिसत नाही. आणि शेवटी चौसष्ट ठोकळ्यांचा रुपया रचून त्याला सवाई लावावी.

कारण खते नवे-जुने होण्याचे थांबलेले नाही. आता अंगठा शाईच्या गादीवर न उठता हातातल्या फोनवर उठतो. दरमहा शेकडा तीन, एवढेच वाचून वर्षाचे छत्तीस असा हिशेब करणाऱ्याला कोणी सांगत नाही की थकलेले व्याज मुद्दलात मिळत गेले तर वर्षाअखेर ते बेचाळिसांच्या वर जाते. मधले सहा म्हणजे पुन्हा त्याच कांड्या आणि कोपरे. खेड्यातल्या बायकांचे बचत गट याच कृतीचा उलट्या बाजूने उपयोग करून घेतात, हेही मुलांना सांगावे. कृती स्वतः चांगलीही नाही, वाईटही नाही.

करड्याच्या आणि सुप्याच्या लोकांनी कागद जाळला. त्यांना दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना तो कागद उलगडून वाचता यावा, मुद्दल कोणते, थर कोणते आणि कोपऱ्यातला तो एक ठोकळा कोणता, हे त्यांनी बोट ठेवून दाखवावे, एवढे शिरूर-दौंडच्या शाळांनी केले तर १८७५ च्या वैशाखातील त्या दोन घटना, व्याख्यानमाला आणि होळी, अखेर एकमेकींना भेटल्या असे आम्ही समजू.